मुलाखतीच्या दिवशी मी दारात अडले

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. माझं डावं चाक कुरकुरतं, पण तोंड त्याहून जास्त चालतं, तेव्हा ऐकाच!

कारखान्यातून मी थेट एका संस्थेत आले. ज्यांना चालता येत नाही, त्यांना आमच्यासारख्या खुर्च्या वापरायला द्यायच्या, हे संस्थेचं काम. किती जणांना मी शाळेत नेलं, लग्नाला नेलं! एक आजोबा तर रोज माझी पाठ थोपटायचे. मग नव्या, हलक्या खुर्च्या आल्या आणि मी अडगळीच्या खोलीत पडले. वाईट वाटलं हो, खोटं कशाला बोलू?

आणि एक दिवस मला बाहेर काढून चक्क पुसलं! संस्था उभी करणाऱ्या डॉक्टरीणबाई आता थकल्या होत्या. त्यांच्या जागी मनासारखं कुणी मिळालं नाही, तर संस्था बंदच करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. मुलाखतीला येणाऱ्याने माझ्यावरच बसायचं, ही त्यांची अट. मला तर धड स्थिर उभं राहवेना!

पहिले साहेब अंग चोरून बसले. बोलले मात्र फर्डं, आणि संपताच टुणकन उठून चालते झाले. माझा जीव टांगणीला लागला.

मग एक शिक्षिका आली. मुलाखत संपली, तरी ही उठेचना. माझी चाकं हाताने फिरवत ती दाराकडे निघाली. खट्! उंबरठा आडवा आला. पुन्हा जोर लावला. खट्!

"बाई," ती मागे वळून म्हणाली, "खुर्चीवरचा माणूस इथून बाहेर कसा पडतो?"

मुलाखत घ्यायला शेजारी बसलेले डॉक्टरीणबाईंचे वकील भाऊ घाईने म्हणाले, "अहो, आम्ही दोघं-तिघं उचलतो की!"

"आणि त्याला कुणी उचललेलं नको असेल तर?"

सगळ्यांच्या नजरा उंबरठ्याकडे वळल्या. इतकी वर्षं खुर्च्या दिल्या, आणि आपल्याच दाराकडे कुणी पाहिलं नव्हतं! डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला आणि त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"कधीपासून येतेस गं?"

"आधी सुतार येऊ दे, मग मी!"

अहाहा! त्या आठवड्यात उंबरठा निघाला, बाहेर छान उतार झाला. निरोपाच्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः माझ्यावर बसल्या. शिक्षिका मदतीला धावली, तर म्हणाल्या, "हात लावायचा नाही हं!" आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या कुरकुरत, हसत, आपल्या आपण दाराबाहेर पडलो.

मित्रांनो, माझ्या चाकाला तेल द्याच. पण त्याआधी जरा तुमच्या दाराकडे बघा. बाहेर कुणी अडून बसलं असेल.