व्याह्याच्या नावाचं गाणं

चांद पिंजाऱ्याने खांद्यावरची गादी साबेराच्या ओट्यावर टाकली, खिशातून कात्री काढली आणि तिच्यापुढे धरली.

"फाडा, इहीनबाई."

धुळ्याहून सावद्यापर्यंत त्याने ती गादी एसटीत मागच्या बाजूला उभी धरून आणली होती. कंडक्टरने तिचं वेगळं तिकीट फाडलं होतं. चांदच्या मागे साबेराची पोरगी अफिफा उभी होती. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. हातात कपड्यांची पिशवी, ओढणी नाकापर्यंत ओढलेली. माहेरी आलेली पोरगी उंबऱ्यातूनच आईला हाका मारत येते. ही ओट्याखाली थांबली होती.

साबेरा नुकतीच वखारीत केळीची खोकी भरून घरी आली होती. केळीच्या चिकाचे काळे डाग तिच्या बोटांवरून अजून निघाले नव्हते. तिने आधी कात्रीकडे पाहिलं, मग व्याह्याकडे.

"चांदभाऊ, पानी तं घ्या आधी."

"पानी नंतर. मना हाथनी गादी शे. तुम्हीच फाडा अनी देखा."

हे कशाबद्दल आहे ते साबेराला कळलं. सगळ्या खान्देशाला कळलं असतं, कारण ते गाणं आता पानटपरीवरसुद्धा वाजत होतं.

पिंजाऱ्यांच्या लग्नात हळदीच्या दिवशी बायका घरात बसतात. दार लोटलेलं, पुरुष बाहेर मांडवात. मग ढोलकी निघते, ताटावर चमचा पडतो आणि नवरीकडच्या बायका व्याह्याला शिव्या देतात, गाण्यात, नाव घेऊन. व्याही चोर, व्याही लबाड, विहीण चटोर. शिवी जितकी झोंबणारी तितका मान मोठा. आणि रीत अशी की दार उघडलं की गाणं संपलं. ते कोणी बाहेर नेत नाही, दुसऱ्या लग्नात तेच गाणं म्हणत नाही. शिळी शिवी देणं हा त्या व्याह्याचा अपमान समजतात. साबेराने अशी शेकडो गाणी केली असतील आणि त्यातलं एकही तिला आठवत नव्हतं. आठवायचं नसतंच.

अफिफाच्या हळदीला तिने चांदचं गाणं केलं. गादी नवरीच्या घरून जायची असते. चांदने मात्र निरोप धाडला होता की पिंजाऱ्याच्या सुनेने गादी आणायची म्हणजे माझीच लाज, गादी मी भरीन. साबेराने तेच धरलं:

धुळ्याचा चांद पिंजारी, माह्या अफिफाचा सासरा
वर भरे नवी रुई, आत जुना पसारा
नवरी निजाले गेली, तिले टोचे सरकी
व्याही हसे गालात, टोपीले दे गिरकी

बायका हसून हसून भिंतीला टेकल्या. वर नवा कापूस आणि आत जुना, ही पिंजाऱ्याला द्यायची सगळ्यात वाईट शिवी. ती पिंजाऱ्यानेच पिंजाऱ्याला द्यावी, घरातल्या घरात. साबेराचा मेलेला नवराही पिंजारीच होता. लोटलेल्या दाराबाहेर चांदने ते ऐकलं, तोही हसला आणि खरंच त्याने टोपीला गिरकी दिली. मांडवातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाणं तिथेच मरायला हवं होतं.

साबेराची बहिणीची पोर तहरीम ताटाशेजारी बसली होती. तिने मोबाइलवर ते घेतलं आणि कौतुकाने स्टेटसला लावलं, माझी खाला म्हणून. तिथून ते कोणीतरी उचललं. मग जळगावच्या हितेंद्रच्या हाती लागलं.

हितेंद्र विमा कंपनीत नोकरीला. सुटीच्या दिवशी रेकॉर्डर घेऊन भुसावळ, साक्री, जिथे काही वाजतं तिथे जाणारा. त्याचा एक ब्लॉग होता, त्यावर तो नव्या सापडलेल्या गाण्यांबद्दल लिहायचा, त्यांच्या याद्या करायचा. पुण्या-मुंबईची मंडळी त्याच्या याद्या ऐकतात असा त्याचा लौकिक होता. त्याने लिहिलं की सावद्याच्या एका अनामिक स्त्रीचा कच्चा, मातीतला आवाज आपल्याला सापडला आहे. सापडला म्हणे. साबेरा काही हरवली नव्हती. ती रोज सकाळी केळी भरायला जात होती, कोणीही विचारलं असतं तरी घर दाखवलं असतं. पण हितेंद्रला आवाज सापडला आणि त्या आवाजाने कोणाचं नाव घेतलंय, त्या नावाचा माणूस कुठे जिवंत आहे का, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. माती म्हटली की आपण तिच्यावर पाय ठेवायला मोकळे.

त्याच्या यादीतून ते भुसावळच्या एका डीजेने घेतलं आणि खाली ठोका टाकला. लग्नसराई आली. गाडी गाडीवर धुळ्याचा चांद पिंजारी. पोरं रील करायला गाद्यांवर उड्या मारू लागली.

आणि धुळ्यात चांदच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन म्हणू लागलं, बाबा, आमची गादी उसवून दाखव. आधी चेष्टेत, मग खरंच. एकाने दुकानापुढे गादी आडवी फाडली, आत जुनं काही निघालं नाही, तरी उरलेले निघून गेले. जुनी गिऱ्हाइकं तयार गाद्यांच्या शोरूमकडे वळली. चांदचा मुलगा, अफिफाचा नवरा रेहान आता मालधक्क्यावर पोती उचलतो. तिथेही त्याला हाक मारतात ती सरकी म्हणून. एक दिवस शेजारच्या घरात ते गाणं लागलं, आपल्या आईचा आवाज ऐकून अफिफाच्या तोंडावर नकळत हसू आलं, आणि रेहानने तिच्या तोंडात मारली.

हे सगळं चांदने सांगितलं. मारल्याचंही सांगितलं, मान खाली घालून.

"तुम्हीन गानं म्हनं, मी बी हासनू," तो म्हणाला. "लगीनमा हासतसच. पन आते बठ्ठा गावले वाटस, चांद चोर शे. फाडा, इहीनबाई."

साबेराने खोळीचा कडेचा टाका कापला आणि हात आत घातला. कोपऱ्यात, मध्ये, तळाशी. मूठ मूठ रुई बाहेर काढून तिने उजेडात धरली. पिंजाऱ्याच्या घरात आयुष्य काढलेली बाई, तिला बोटालाच कळत होतं. लांब धाग्याचा, एकदाच पिंजलेला, एक सरकी नाही. सुनेसाठी त्याने स्वतः निवडून घेतलेला कापूस. तिने तो कपाळाला लावला.

"मी तं मजाकीत म्हनलं व्हतं, भाऊ," ती म्हणाली.

"माले माहीत शे. त्यास्ले नही." चांद उठला. "ज्या दिन हाई गानं बंद व्हई, त्या दिन मी सोता येसू अनी पोरीले लयी जासू. रेहान तवलोंग आयकाव नही."

पाणी न पिता तो गेला.

अफिफाने पिशवी खुंटीला टांगली आणि बाहेर आलेली रुई परत खोळीत कोंबायला बसली. साबेराला तिच्या गालाकडे पाहवेना. ती तशीच तहरीमच्या घरी गेली. तहरीमने आपलं स्टेटस कधीच काढून टाकलं होतं, रडत रडत तिने मोबाइल दाखवला. बोट वर सरकवत राहिली आणि गाणं संपेचना. कोणी नाचतंय, कोणी त्यावर भाकरी थापतंय, कोणी लहान पोराला टोपी घालून गिरकी द्यायला लावतंय.

"हे कोनाले सांगून बंद व्हईन?" साबेराने विचारलं.

"खाला, कोनालेच नाही."

मग हितेंद्रच साबेराला शोधत आला, मोटारसायकलवरून, फुलांचा गुच्छ घेऊन. शोधून काढल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. साबेराने त्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि आतून पोरीला बाहेर बोलावलं. हिचा सासरा तो, म्हणाली. तुम्ही वाजवता तो.

हितेंद्र वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला. त्याने तिथेच बसून आपल्या ब्लॉगवरून, यादीतून गाणं काढलं. पण बाकीचं माझ्या हातात नाही म्हणाला. मग त्याला सुचलं. जळगावला कार्यक्रम आहे, नव्या आवाजांचा. मोठं सभागृह, सगळे ऐकणारे लोक. तुम्ही स्वतः मंचावर सांगा की ते खोटं होतं, दुसरं गाणं म्हणा. जिथून पसरलं तिथूनच हेही पसरेल.

"लोक ऐकतीन?"

"ऐकतील अक्का. ऐकायलाच येतात ते."

साबेराने त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसरं काय होतं तिच्याकडे. केळीच्या फण्या धुता धुता तिने नवं गाणं जुळवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला गाणं जपून ठेवावं लागत होतं, म्हणून ती ते सारखं पुटपुटायची आणि सोबतच्या बाया एकमेकींना कोपरं मारायच्या. तिने चांदला फोन करून कार्यक्रमाला बोलावलं. तुमचं नाव जिथे घाण केलं तिथेच धुते म्हणाली. चांद हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

सभागृहात गारवा होता. पोरापोरींनी खादीचे कुडते घातले होते, साबेराने लग्नातली हिरवी साडी. निवेदक बाईने मातीचा आवाज म्हणून ओळख करून दिली. साबेराला टेकायला लोड दिला होता. ढोलकी वाजवणारा भलताच हुशार होता, तिला त्याच्या हाताचा धाक वाटला. मंचावरून तिला चांद दिसला, शेवटच्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर, टोपी मांडीवर. तिचा जीव भांड्यात पडला. आला होता.

तिने सांगितलं. भाषण येत नव्हतं, आपलं साधं सांगितलं. की ते लग्नातलं गाणं, ती शिवी खोटी, तो माणूस नेकीने धंदा करतो, त्याच्या पोटावर पाय आला, माझी पोर घरी बसली. लोक शांत होते. पहिल्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. साबेराने गायला घेतलं:

फाडली म्या गादी, पाह्यली उसवून
आत बी तीच रुई, जशी काढली दुधातून

दोनदा म्हटलं. गाणं बरं होतं, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. संपल्यावर टाळ्या पडल्या, मनापासून पडल्या. आणि टाळ्या विरता विरता मागून एका पोराचा आवाज आला, "अक्का, आता ते म्हणा ना, सासऱ्याचं."

साबेराने मान हलवली. तिला वाटलं त्याने ऐकलं नसेल. ती पुन्हा सांगू लागली, तर दुसरीकडून आवाज आला, एकदाच, अक्का. मग कोणीतरी हळूच ठोका धरला. खुर्चीच्या हातावर, पायाने. ढोलकीवाल्याचा हात सवयीने पडला. आणि सगळं सभागृह गाऊ लागलं, धुळ्याचा चांद पिंजारी. सरकीवर सगळ्यांनी एकदम जोर दिला. मोबाइल वर झाले. डोळे पुसणारी बाईही गात होती, डोळे ओलेच होते तिचे. यांना दया येते आणि यांना मजाही हवी असते, दोन्ही एकाच तिकिटात.

साबेराने माइकपुढे हात जोडले. तो फोटो दुसऱ्या दिवशी फार गाजला, विनम्र कलावंत म्हणून.

हितेंद्र पडद्याच्या कडेला उभा होता. त्याने निवेदक बाईला थांबवा अशी खूण केली, एकदाच. मग तोही ऐकत राहिला, कारण सगळं सभागृह एका सुरात गात होतं आणि असं त्याला कधी रेकॉर्ड करायला मिळालं नव्हतं. त्याच्या हातातल्या रेकॉर्डरचा लाल दिवा चालू होता.

शेवटच्या रांगेत चांद उभा राहिला. टोपीला गिरकी द्यायची ओळ आली होती आणि टोपी त्याच्या हातात होती. ती त्याने नीट डोक्यावर घातली. शेजारचा पोरगा गाता गाता त्याच्याकडे बघून हसला आणि त्याला वाट द्यायला पाय बाजूला घेतले. बाबा, एवढ्यात चालले का, त्याने विचारलं. चांद त्याच्यापुढून गेला. ज्याच्या नावाने सभागृह दणाणत होतं तो माणूस दार ढकलून बाहेर पडला आणि कोणाला कळलं नाही.

साबेराने नंतर किती फोन केले. चांद उचलायचा, नीट बोलायचा, तब्येत विचारायचा. पोरीला कधी नेता हे ती विचारायची तेव्हा फोनमधून नुसता धुळ्याच्या रस्त्याचा आवाज यायचा. पुढे तिने विचारणं सोडलं. साबेरा लग्नांना जाते अजून, हळदीला बसते. तिच्यापुढे ढोलकी कोणी सरकवत नाही. बायका आधी सगळ्यांचे मोबाइल परातीत गोळा करून बाहेर ठेवतात, दार लोटतात, आणि तरी कोणी व्याह्याचं नाव घ्यायला धजत नाही. हळदीच्या गाण्याऐवजी आता बाहेरच्या डीजेचं ऐकत बसतात.

एका दुपारी साबेरा घरी आली तेव्हा अफिफा गादी शिवत होती. इतके दिवस गादी भिंतीला उभी होती, उसवलेली, कोणी तिच्यावर झोपत नव्हतं. धुळ्याला असताना अफिफा सासऱ्याच्या हाताखाली टाके घालायला शिकली होती. दाभण वरून घालायची, खालून ओढायची, दोरा आवळायचा, गाठ. सगळे टाके एका रेषेत, चांदचे असायचे तसे.

साबेरा उंबऱ्याशी बसली. पोरीने वर पाहिलं नाही.

चौकाकडून वरात येत होती. डीजेची गाडी वळली आणि घराची पत्र्याची दारं थरथरू लागली. धुळ्याचा चांद पिंजारी. साबेराचाच आवाज, कोणीतरी उंच चढवलेला, लहान पोरीसारखा. अफिफा शिवत राहिली. वर, खाली, वर, खाली. आधी साबेराच्या लक्षात आलं की दाभण ठोक्यावर पडतेय. मग अफिफाच्याही आलं.

तिचा हात थांबला. अर्धी दाभण रुईत, अर्धी बाहेर. ती तशीच बसून राहिली, दोरा बोटाला गुंडाळून, वरात कोपऱ्यावर जाईपर्यंत, दारं थरथरायची थांबेपर्यंत.

मग तिने दोरा ओढला आणि गाठ मारली.