बहीण गेली, मी वाचले

मी एक जिवाणू बोलतेय. डोळ्यांना दिसत नाही म्हणून मला मत्सर नसेल, असं समजू नका. माझ्या बहिणीचा मला भारी हेवा वाटतो, आणि ती गेल्यापासून तर तो वाढलाच आहे.

आमचा जन्म प्रयोगशाळेतल्या काचेच्या चंबूत, कोमट गोडसर पाण्यात झाला. आई मधोमध दुभंगली आणि आम्ही दोघी झालो. आई उरलीच नाही, त्यामुळे लाडकी कोण हे कधी ठरलं नाही. पण अन्न आधी मिळायचं ते तिलाच. ती भराभर वाढायची. मी आपली मागे.

मग चंबूत विषाणू सोडले गेले. त्यातला एक मला घासून गेला आणि तिला चिकटला. तिथेही तिचाच नंबर पहिला! शेपटी टोचून त्याने आपलं बियाणं तिच्यात ओतलं. आता त्याची शंभरेक पिल्लं तिला फोडून बाहेर येणार आणि आमच्यावर तुटून पडणार.

"सरक तिकडे," ती म्हणाली.

मी सरकले नाही. मला वाटलं, नेहमीसारखी जागा बळकावतेय.

आम्हा प्रत्येकीच्या पोटात जन्मापासून एक विष असतं आणि त्याला आवरून धरणारा पहारेकरी. विषाणूच्या ढवळाढवळीने तिचा पहारेकरी ढासळला, विष मोकळं सुटलं. तिचं सगळं काम जागच्या जागी थांबलं. पिल्लं अर्धवट राहिली. तिच्याबरोबर विषाणूही संपला.

तासाभराने संशोधक बाईंनी दोन चंबू उजेडात धरले. शेजारचा नितळ झाला होता. तिथेही तेच विषाणू सोडले होते, पण तिथल्या जिवाणूंकडे हे विष नव्हतं, सगळे फुटून विरघळले होते. आमचा गढूळ, म्हणजे जिवंत. बाईंची थोरली बहीण त्यांना घरी न्यायला आली होती.

"ताई, बघ ना! लागण झालेल्यांनी स्वतः मरून बाकीच्यांना वाचवलं."

"आणि वाचल्या त्यांचं काय गं?"

"त्यांचं काय? त्या वाचल्या."

धाकटीची जड पिशवी ताईने आपल्या खांद्यावर घेतली.

‘त्या वाचल्या’, एवढंच! तेच विष माझ्याही पोटात आहे. विषाणू जरा इकडे वळला असता, तर कौतुक माझं झालं असतं आणि ते ऐकायला ती उरली असती. जळली असती का ती माझ्यावर?

आता माझी कंबर आवळत चाललीय. थोड्याच वेळात मी दुभंगेन, दोन मुली होतील, मी उरणार नाही. तिला मुली झाल्या नाहीत. या एका बाबतीत तरी मी पुढे गेले. पण जिला हे ऐकवायचं होतं, तीच इथे नाही.