कापलेले दोन गुण

चूक सापडली की निशिगंधाला आधी बरं वाटायचं; ती कुणाची आहे हा विचार नंतर यायचा. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर ती चिंचवडच्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये लागली होती. कारखान्यांतून येणारी व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज खरं मोजतात की नाही ते तपासायचं आणि तसं प्रमाणपत्र द्यायचं, हे तिचं काम. घरी चिखलीला आल्यावर तीच नजर घेऊन ती ‘रचना’वर बसायची.

‘रचना’ हा ठोकळ्यांचा ऑनलाइन खेळ. ठोकळ्यावर ठोकळा ठेवत घर बांधा, धरण बांधा, आख्खं गाव बांधा. त्याच्या मराठी खेळाडूंचा अकराशे जणांचा ग्रुप होता आणि त्यातले निम्म्याहून जास्त भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांत राबणारे. शिफ्ट सुटली की उरलासुरला जीव ही मंडळी ठोकळ्यांत ओतायची. दर दोन महिन्यांनी ग्रुपवर स्पर्धा व्हायची. ती घ्यायचे निशिगंधा आणि सांगवीचा ज्ञानेश. ज्ञानेश आयटीतला. पोस्टर, जाहिरात, थट्टामस्करी त्याच्याकडे. नियम आणि गुण हिच्याकडे.

मागच्या स्पर्धेत एकाने कुठल्याशा परदेशी खेळाडूचा राजवाडा उचलून आपल्या नावावर खपवला होता आणि पहिला नंबरही मारला होता. ग्रुपवर आठवडाभर शिमगा झाला. म्हणून या खेपेला निशिगंधाने नियमच घट्ट केले. विषय ‘माझी रोजची जागा’. दिवसातले सगळ्यात जास्त तास जिथे जातात ती जागा बांधायची. एक ठोकळा म्हणजे पाव मीटर. शंभरातले चाळीस गुण हुबेहूबपणाला. परीक्षकांना शंका आली तर खऱ्या जागेचा ताजा फोटो द्यायचा. आणि निकाल लागला की आलेले फोटो कायमचे पुसायचे, कारण त्यांत लोकांची घरं, दुकानं, बायकामुलं असणार.

“स्पर्धा घेतेयस की ऑडिट?” ज्ञानेशने फोनवर विचारलं.

“ऑडिटला गेलं की निदान चहा मिळतो,” ती म्हणाली.

त्रेचाळीस प्रवेशिका आल्या. रिक्षेचं आतलं अंग, किराणा दुकानाचा गल्ला, सोसायटीच्या गेटवरची वॉचमनची केबिन. पण ‘सेटर_परभणी’ नावाच्या खेळाडूचं काम उघडलं आणि ती खुर्चीत सावरून बसली. तो एक प्रेस शॉप होता. पत्रे दाबून मोटारींचे भाग काढणाऱ्या सहा प्रेस ओळीने उभ्या होत्या. तिने खांब मोजले. दोन खांबांत चोवीस ठोकळे, म्हणजे सहा मीटर, अगदी असतात तितके. छताच्या पत्र्यात मधेमधे उजेडासाठी पांढरे पत्रे होते. वॉटर कूलरला साखळीने बांधलेला ग्लास होता. सात नंबरच्या खांबावर तेलकट हात पुसल्याचा काळसर पट्टा होता, बरोबर माणसाच्या कमरेच्या उंचीवर.

एकच गोष्ट खटकली. प्रेसच्या तोंडाशी सेन्सरचे दोन पिवळे खांब असतात. त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो. हात आत गेला, किरण तुटला, की प्रेस जागच्या जागी थांबते. याच्या तिसऱ्या प्रेसचे पिवळे खांब तोंडाशी नव्हते. ते डाव्या अंगाला, भिंतीलगत, एकमेकांकडे तोंड करून उभे होते. तिथून कुणाचाच हात जात नव्हता. किरण अखंड, दिवा हिरवा, आणि प्रेसचं तोंड मोकळं. निशिगंधाला त्यातलं भौतिकशास्त्र लगेच कळलं. तिने ती मांडणीतली चूक धरली, हुबेहूबपणाचे दोन गुण कापले आणि सगळ्यांना दिसेल असं खाली लिहिलं, ‘तिसऱ्या प्रेसचे सेन्सर चुकीच्या जागी. वजा दोन.’

अर्ध्या तासात उत्तर आलं. ‘चूक नाही ताई. तसंच आहे.’

‘फोटो लागेल,’ तिने लिहिलं.

फोटो तिसऱ्या दिवशी आला. एका कोपऱ्यात धूसर डाग होता. भिंग पुसलेलं नाही, अशी तिने मनाशी नोंद केली. बाकी सगळं लख्ख. फोटोतल्या प्रेसच्या रुंदीवरून हिशेब करून तिने पिवळ्या खांबांचं अंतर काढलं. डायच्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या साच्याच्या, मध्यापासून एक मीटर चाळीस सेंटिमीटर. ठोकळ्यांत दाखवलं होतं दीड मीटर. पाव मीटरच्या ठोकळ्यात याहून जवळ जाता येतच नव्हतं. तिला माणसाचा मनापासून आदर वाटला.

रविवारी दुपारी निकाल लागला. ‘सेटर_परभणी’ पहिला. तिने त्याच्या कामाची नऊ चित्रं टाकली आणि खाली लिहिलं, ‘कापलेले दोन गुण परत देत आहोत. फोटो पाहून खात्री केली आहे. तिसऱ्या प्रेसचे सेन्सर खरोखरच बाजूला लावलेले आहेत. असा बारकावा फक्त रोज तिथे उभा राहणारा माणूसच टिपू शकतो.’ मग ठरल्याप्रमाणे तिने सगळे फोटो पुसले, आणि पुसलेले जिथे जाऊन पडतात ती जागाही रिकामी केली.

अभिनंदनांचा पाऊस पडला. विजेता मात्र एका शब्दाने बोलला नाही. गुरुवारी त्याचा निरोप आला. ‘ताई, भेटायचं होतं. समोरासमोर.’

चिंचवड स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर तो आधीच येऊन थांबला होता. तिशीचा, सडपातळ, नखांच्या कडांना न निघणारं तेल. नाव किसन. प्रेसमध्ये डाय बसवून देणारा सेटर. कामाच्या दिवशी भर सकाळी तो मोकळा कसा, हे तिच्या लक्षात यायला कप अर्धा व्हावा लागला.

“काढलं मला,” तो म्हणाला. “राजीनामा लिहून घेतला. आम्हाला गेटवर मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात ताई. मी तो काढला होता. डिंक राहिला असंल कोपऱ्यात.”

निशिगंधाने कप खाली ठेवला. लॅबमध्ये असले स्टिकर नव्हते. असतात हे तिला ठाऊक होतं; फोटो मागताना आठवलं नव्हतं.

“त्यांना कळलं कसं?”

“ग्रुपवर काय फक्त आपणच हाओत का? निकाल वाचून कुणीतरी साहेबाला पाठवलं. सोमवारी सकाळी गेटवरच मोबाईल उघडायला लावला. त्यांच्या डोळ्यांदेखत फोटो उडवून घेतला.”

“बॅकअप?”

“जागा भरली म्हणून कवाच बंद केला होता. नोकरीचं जाऊ द्या. सेटरला काम मिळतंय. मी आलोय जयदीपसाठी.”

मग त्याने सांगितलं. जयदीप त्याच्याच खोलीवर राहणारा, तिसऱ्या प्रेसचा ऑपरेटर. मार्च महिन्यात त्याच्या उजव्या हाताची चार बोटं त्या प्रेसखाली गेली. कंपनीने कागदावर लिहिलं की माल लवकर काढायच्या नादात जयदीपनेच त्या दिवशी सेन्सर बाजूला सरकवले. आधी ते जागेवर होते आणि नंतर लगेच जागेवर लावले. चूक कामगाराची. आता भरपाईची सुनावणी चालू होती आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

“खोटंय ते. सेन्सर दोन वर्षं बाजूलाच हायेत. जागेवर असले की प्रेस सारखी थांबती, माल कमी निघतो. अपघातानंतरबी तसेच ठेवले. आणि तुम्हाला पाठवलेला फोटो ऑगस्टमधला.”

निशिगंधाला पुढचं सांगावं लागलं नाही. मार्चनंतर पाच महिन्यांनीही खांब बाजूलाच असतील, तर मार्चमध्ये जयदीपने ते सरकवले ही गोष्ट उभीच राहत नाही. एका फोटोत सगळं सिद्ध होत होतं.

“मग तुम्ही आधीच फोटो काढून वकिलांना का नाही दिला?”

किसन कसनुसं हसला. “हिंमत नव्हती ताई. ठोकळ्यांत बांधण्यापुरती होती, तेवढं बांधलं. म्हणलं, कुणी विचारलं तर सांगू. तुम्ही विचारलं. फोटो मागितला, तर म्हणलं, चला, आता या निमित्ताने तरी हात उचलंल. निकाल लागला की वकीलबाईंकडं नेणारच होतो.” त्याने टपरीच्या फळीवर बोट टेकलं. “तुमच्याकडं तर असंलच ना तो. तेवढा द्या.”

शेजारच्या गिऱ्हाइकाने सुटे पैसे मोजून दिले, टपरीवाल्याने परत मोजले.

“पुसला,” ती म्हणाली. “नियम होता.”

त्याने आवाज चढवला नाही. तो तिच्याकडे अशा नजरेने बघत राहिला, जशा नजरेने ती रोज एखाद्या बिघडलेल्या गेजकडे बघायची. याचं आता काय करायचं अशी.

“आणि कामून एवढं लिहिलं ताई त्या निकालात? नुसता नंबर दिला असता तरी चाललं असतं.”

याचं उत्तर तिच्याकडे होतं. गुण कापले होते, ते परत देताना कारण द्यायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

ती फोटो परत मिळवायच्या मागे लागली. ज्ञानेशने दोन संध्याकाळी खर्ची घातल्या. त्याने खेळाच्या कंपनीलाही लिहिलं. तिकडून मुदतीबाहेरचं काही मिळत नाही असं उत्तर आलं. “तू इतकं स्वच्छ पुसलंयस ना,” तो म्हणाला. पुढची थट्टा त्याने गिळली.

वकील विजयश्रीताईंनी तिला साक्ष द्यायला बोलावलं. चाळिशीच्या, रोखठोक. “फोटोत जे बघितलंत तेच सांगा. कमी नाही, जास्त नाही. कंपनीने तपासणी करून घेतलीय. आज सेन्सर नव्या बोल्टांनी जागेवर पक्के बसवलेत. त्यामुळे तुमच्याशिवाय आपल्याकडे काही नाही. किसन खोलीवरचा दोस्त, त्याचं कोण ऐकतंय?”

सुनावणीच्या दिवशी जयदीप बाकावर बसला होता. पंचविशीचा, उजवा हात शर्टाच्या बाहीत ओढून घेतलेला. निशिगंधाला बघून तो उठला आणि म्हणाला, “मी पण बघितलं ताई ते ठोकळ्यांचं. लय भारी बांधलंय राव किसन्यानं. मी उभा राहायचो तिथली फरशी पण फुटकीच दाखवलीय.” त्याला तिचा राग नव्हता. असता तर तिला सोपं गेलं असतं.

तिने सांगितलं. तारीख, वेळ, खांबांची जागा, एक मीटर चाळीस सेंटिमीटर. ठोकळ्यांची चित्रं आणि निकालाचा मजकूर पुढे ठेवला. सुनावणी घेणारे अधिकारी ऐकत होते, मधूनमधून लिहायला सांगत होते. मग कंपनीचे वकील उठले. वयस्कर, सौम्य आवाजाचे.

“आपण त्या कारखान्यात कधी गेला आहात?”

“नाही.”

“ती प्रेस प्रत्यक्ष पाहिली आहे?”

“नाही. फोटो पाहिला.”

“तो फोटो कुठे आहे?”

“पुसला.”

“कोणी?”

“मी.”

“कोणी पुसायला सांगितलं होतं?”

“स्पर्धेचा नियम होता.”

“नियम कोणी केला?”

“मी.”

“म्हणजे ठोकळ्यांच्या एका खेळात तुम्ही फोटो पाहिला, गुण दिले आणि फोटो नष्ट केला. आता त्यावरून आम्ही दोषी. झालं माझं.”

विजयश्रीताई उठून बोलल्या. चांगलं बोलल्या. पण अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं होतं ते पुन्हा उचललं नाही. शेवटी त्यांनी तिच्या जबाबाचा कागद तिच्यापुढे सरकवला. ‘सदर छायाचित्र साक्षीदाराने स्वतः नष्ट केले असल्याने ते सादर करता येत नाही. ठोकळ्यांची प्रतिकृती पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही.’

“वाचून घ्या,” ते म्हणाले. “काही चुकलं असेल तर सांगा, दुरुस्त करू.”

तिने वाचलं. मग पुन्हा एकदा, शब्द न् शब्द धरून. जयदीप बाकावरून तिच्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं, ही काहीतरी शोधून काढणार. तारीख बरोबर होती. तिचं नाव बरोबर होतं. वाक्यात कुठेही चूक नव्हती.

तिने सही केली.