म्होरक्याच्या गळ्यातली घंटा

घंटेचा आवाज आला ना? ती माझ्या गळ्यातली. मी या कळपाचा म्होरक्या, एक खच्ची केलेला एडका. मी चाललो की मेंढ्या मागून येतात, मी थांबलो की थांबतात. त्यांना वाटतं, मला रस्ता ठाऊक आहे.

आमची जात राखाडी लोकरीची, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कडा असलेली. पूर्वी या माळावर आम्हीच चरायचो म्हणे. मग दुप्पट वजनाचे पांढरे एडके आले आणि शेजारचे कळप पांढरे होत गेले. आमचा मालक तेवढा अडून राहिला. खरं तर त्याची थोरली बहीण अडून राहिली. तिला सगळे अक्का म्हणतात. आमची लोकर कातून ती रंग न लावताच राखाडी शाली विणते.

"पांढरा एडका आणलास तर तूच बस कातत," ती भावाला बजावायची.

या घरात एक रीत होती. सगळ्यांत देखणं, शांत कोकरू निवडायचं आणि खच्ची करून म्होरक्या करायचं. मस्तीत आलेला एडका टकरा घेत सुटतो, त्याच्यामागे कळप कसा चालणार? उरलेल्यांतले एकदोन धट्टेकट्टे पैदाशीला ठेवायचे, बाकीचे खाटकाला.

त्या वर्षी मालकाने माझी हनुवटी वर उचलली.

"अक्का, असं तोंड पुन्हा व्हायचं नाही."

"मग बघत काय बसलायस? ह्यालाच कर म्होरक्या."

दुखलं. पण जखम भरल्यावर अक्काने स्वतःच्या हाताने घंटा बांधली, आणि मी जो मान ताठ करून चालू लागलो तो चालतच राहिलो.

पुढच्या थंडीत कळपात खोकल्याचा रोग शिरला. पैदाशीचा म्हातारा एडका गेला, पाठोपाठ त्याचा तरणा मुलगाही. मालकाने सगळे कळप पालथे घातले. आमच्या जातीचा नर कुठेच उरला नव्हता.

नेमकी तेव्हा सरकारी योजना आली, दुर्मीळ जाती राखण्याची. जनावरांची डॉक्टर जीपमधून उतरली आणि आम्हाला पाहून हरखलीच.

"दादा, चारा, औषधं, गोठा, सगळं मिळेल. जातिवंत नराचं बीज साठवून ठेवू. तुमची जात आता बुडत नाही." तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. "हाच! हाच हवा मला!"

मालक घंटेकडे बघत राहिला. डॉक्टर माझ्यापाशी वाकली, तिने हात लावून पाहिलं, आणि ती सावकाश उभी राहिली.

"कुणी केलं हे?"

"आम्हीच," मालक म्हणाला. "सगळ्यांत चांगला होता म्हणून."

"तुझं सरकार जरा आधी उठलं असतं तर काय बिघडलं असतं गं बाई?" अक्का म्हणाली.

"मी कधीपासून ही योजना मागतेय, अक्का," डॉक्टर खाली बघून म्हणाली. मग तिने माझा फोटो काढला. तो आता तिच्या कचेरीच्या भिंतीवर आहे. खाली लिहिलंय, 'ही जात वाचवा'.

मेंढ्या रिकाम्या ठेवून कळप राहत नाही. शेवटी अक्काच म्हणाली, "आण तुझा पांढरा."

तो आला, पण मेंढ्या त्याच्या वाड्यात पाऊल टाकेनात. मालकाने मला हाक मारली. "चल रे राजा, तूच ने त्यांना." मी आत गेलो. घंटा वाजली. त्या सगळ्या माझ्यामागून आल्या.

आता कोकरं झाली आहेत. पांढरी, गुटगुटीत. परवा एकाच्या डोळ्याभोवती काळं दिसलं. अक्का धावत आली, त्याला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने हलकेच पुसू लागली. ते निघालं. चिखल होता. तरी ती बराच वेळ पुसत राहिली.

तुमच्याकडे असं एखादं शेवटचं काही असेल, तर ते शेवटचं आहे हे कळायची वाट पाहू नका. निघतो मी. मेंढ्या खोळंबल्या आहेत. त्यांना अजूनही वाटतं, मला रस्ता ठाऊक आहे.