गहाळ झालेले आठ संगणक

धडगावला बसस्टँडच्या मागे पाण्याचं सर्वेक्षण करणाऱ्या एका संस्थेचं ऑफिस आहे. तिथे आठ संगणक आहेत. एवढं एक वाक्य सिद्ध करायला कामिनी वळवीला पावणेदोन महिने लागले.

प्रत्येक संगणकात दोन बिऱ्हाडं होती. सुरू करतानाच निवड करायची: विंडोज घेतलं तर पत्रं आणि हजेरी, लिनक्स घेतलं तर डोंगरातल्या झऱ्यांचे नकाशे. एका वेळी एकच. करणसिंग पावरा पाड्यापाड्यांवर फिरून झऱ्यांची माहिती आणायचा आणि कामिनी ती नकाशावर बसवायची. काम सुरळीत चाललं होतं. मुख्य ऑफिसचं लक्ष जायला एवढं कारण पुरेसं होतं.

पुण्याच्या मुख्य ऑफिसने सगळ्या शाखांसाठी सुरक्षा सॉफ्टवेअर घेतलं. धडगावला आठ लायसन्स मिळाले. कामिनीने ते विंडोजवर बसवले. लिनक्सवर बसवायला गेली, तर पडद्यावर आलं, ‘लायसन्स शिल्लक नाही.’ आणि नवा नियम असा, की जिथे संरक्षण नाही तिथे इंटरनेटही नाही. नकाशे पुण्याच्या सर्व्हरवर. ते इतके सुरक्षित झाले, की आता कुणालाच उघडेनात.

कामिनीने आणखी आठ लायसन्स मागितले. पुण्याचे सुरक्षा अधिकारी भाग्येश सरांनी एकही प्रश्न न विचारता ते दिले. प्रश्न पुढच्या आठवड्यात आले.

“मॅडम, तुमच्या सोळापैकी आठ संगणक कायम बंद दिसतात.”

“सर, संगणक आठच आहेत. एकेकात दोन सिस्टिम. एक चालू असली की दुसरी बंदच असणार.”

“मग दोन्ही एकदम चालू ठेवा ना.”

“तसं होत नाही, सर.”

“प्रयत्न केला का?”

केला नाही, असं कामिनीने प्रामाणिकपणे सांगितलं. भाग्येश सरांनी सुस्कारा सोडला. दुर्गम भागातल्या मनुष्यबळाबद्दलचं त्यांचं मत त्या सुस्काऱ्यात पूर्ण मावलं.

मग कुरियरने सोळा स्टिकर आले. पुण्याच्या यादीतल्या प्रत्येक संगणकाला स्वतंत्र क्रमांक हवा, असा आदेश सोबत होता. कामिनी एकेका संगणकावर दोन-दोन चिकटवू लागली. ऑफिसचे व्यवस्थापक हेमकांत पाटील ते बघत उभे राहिले. त्यांना सगळे आबा म्हणत. निवृत्तीला चार महिने उरले होते.

“आठच शेतस ना आपलाकडे? मंग सोळा काब्रं चिटकाडी ऱ्हायनी?”

“पुण्याचा आदेश आहे, आबा.”

आदेश म्हटल्यावर आबांनी ‘सोळा संगणक, सोळा क्रमांक’ या कागदावर सही केली.

पंधरा दिवसांनी बन्सीलाल नावाचे तपासनीस घाट चढून आले. जीपमध्ये दोनदा उलटी झाल्याने त्यांचा स्वभाव आधीच तपासणीला अनुकूल झाला होता. त्यांनी स्टिकर मोजले, सोळा. संगणक मोजले, आठ.

“उरलेले कुठेत?”

“हेच ते,” कामिनी म्हणाली.

“हे तर मोजले.”

त्यांनी कपाटं उघडली, बाथरूममध्येही डोकावले. संध्याकाळी अहवाल गेला: आठ संगणक गहाळ, जबाबदार हेमकांत पाटील. आठवडाभरात आबांचे निवृत्तीचे कागद थांबवल्याचं पत्र आलं.

त्या दिवशी आबांनी डबा उघडलाच नाही. “मन्हावर आजपर्यंत कोणी चोरीना आळ लिधा नही,” एवढंच म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. जादा लायसन्स आपणच मागितले, हे कामिनीला आतून खात राहिलं.

तिने मग एक अघोरी काम केलं. सगळे जण न वाचता मान्य करतात तो लायसन्सचा करार तिने पूर्ण वाचला. एक्केचाळीस पानं. सत्ताविसाव्या पानावर लिहिलं होतं: लायसन्स यंत्रागणिक, एकाच यंत्रावर अनेक सिस्टिम असतील तर नोंद एकत्र करून घ्यावी.

तिने सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला. तिकडे मयूरी नावाची मुलगी होती.

“दोन्हींचा सिरीयल नंबर एकच आहे ना? मग जोडून देते.”

चहा निवायच्या आत सोळाचे आठ झाले. यादीतले आठही हिरवे, म्हणजे चालू.

पण पुण्याची फाइल काही मिटेना. “संगणक गहाळ झालेत, तर ते सापडले पाहिजेत,” भाग्येश सर म्हणाले. “कुठे सापडले, ते लिहून द्या.”

कामिनीने लिहिलं: ‘सदर आठ संगणक हे उर्वरित आठ संगणकांच्या आत, सुस्थितीत आढळले.’ आबांनी तो कागद तीनदा वाचला, हसू दाबलं आणि सही केली. पुण्याने तो जसाच्या तसा स्वीकारला. आबांचे कागद सुटले. आठ लायसन्सची बचत केल्याबद्दल भाग्येश सरांना वार्षिक बैठकीत प्रमाणपत्र मिळालं. धडगावला त्याचा फोटो आला.

दुसऱ्या दिवशी कामिनी आणि करणसिंग नकाशाची छापील प्रत घेऊन तोरणमाळकडच्या एका पाड्यावर गेले. तिथल्या धनुबाईने तो जमिनीवर पसरला, बराच वेळ पाहिला आणि एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

करणसिंगने तिचं पावरी बोलणं ऐकलं आणि कामिनीकडे वळला. “ताई, ती म्हणते, हा झरा नाल्याच्या अलीकडे नाही, पलीकडे आहे.”

धनुबाई तोवर वाट दाखवायला निघालीसुद्धा होती.