टाळी वाजवाल तर

"कान उभे झाले की कॅमेरा खाली घ्यायचा. कितीही देखणं दिसो, तो फोटो आपला नाही."

सावाकाकांचा हा आवाज मिलुंकाला रोज सकाळी, देवाच्या तसबिरीपुढचा दिवा लावताना ऐकू यायचा. काका जाऊन दोन हिवाळे झाले होते. किकिंदा गावाच्या चौकातलं त्यांचं फोटोचं दुकान आता ती चालवायची. पासपोर्टचे फोटो, बारशांचे, लग्नांचे, आणि हिवाळा लागला की घुबडांचे. दुकानासमोरच्या देवदारावर ही घुबडं झुंडीनं येऊन बसायची, दिवसभर झोपायची, आणि गाव त्यांच्याखालून पाव घेऊन ये-जा करायचं.

नाताळाआधीचा उपवास चालू होता. त्यातून बुधवार, म्हणजे तेलसुद्धा वर्ज्य. मिलुंका उकडलेला घेवडा आणि कच्चा कांदा पुढ्यात घेऊन बसली, तोच रादिवोय आत शिरला. गावातला छापखाना त्याचा. मिलुंकाच्या लग्नात तो साक्षीला उभा राहिला होता, तिचा कूम होता. कुमाचा शब्द सख्ख्या भावाच्या शब्दाहून जड. त्याला नाही म्हणणाऱ्या बाईचा चार गल्ल्यांत बोभाटा होतो.

त्यानं तिचे फोटो तिच्याच टेबलावर पसरले.

"बारा महिन्यांची बारा घुबडं, आणि बाराही डाराडूर! मिलुंका, मी कॅलेंडर छापतोय की दवाखान्याचं पत्रक?"

"दिवसाचं घुबड झोपलेलंच असतं, कूम."

"लोकांना डोळे हवेत, बाई! निखाऱ्यासारखे. कान ताठ, अंग सडसडीत. आणि ही तुझी बघ, आजीच्या टोपलीतली लोकरीची गुंडाळी!"

"गुंडाळी दिसते ती सुखात असते. सडसडीत होतं ते भ्यालेलं. अंग चोरून वाळकी फांदी व्हायला बघतं बिचारं."

"कुणाला कळतंय ते?"

"त्याला कळतंय ना."

"मोठी आली घुबडांची वकील." रादिवोयनं तिच्या कांद्याची एक फोड उचलून तोंडात टाकली. "चल बाहेर. मी दोन टाळ्या वाजवतो, तू बटण दाब. नाहीतर यंदाचं कॅलेंडर दुसऱ्याकडे, आणि पुढचीही."

त्या कॅलेंडरावरच तर दुकानाचा हिवाळा निघायचा. मिलुंकानं घेवड्यावर झाकण ठेवलं, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि त्याच्या मागे गेली. कुमाचा मान म्हणून गेली. पुढचं तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

झाडाखाली उभं राहून रादिवोयनं टाळी मारली. आवाज चौकभर घुमला. वरच्या फांद्यांवर एकेक गुंडाळी बारीक होत गेली, कान उभे राहिले, नारिंगी डोळे उघडले. एक घुबड घाबरून उडालंच. उन्हात ते दिसताच दोन कावळे कोकलत त्याच्या मागे लागले आणि त्याला गिरजाघराच्या छपरापलीकडे रेटत घेऊन गेले.

"दाब! दाब ना!"

मिलुंकानं कॅमेरा वर नेला, आणि खाली घेतला. मग शांतपणे वळून तिनं बटण दाबलं ते रादिवोयवर. लालबुंद चेहरा, वासलेलं तोंड, हवेत उगारलेले दोन पंजे.

"मला काय टिपतेस?"

"तुझे कान उभे नाहीत म्हणून."

पाववाली बाई आपल्या दुकानाच्या दारात उभी होती, ती खळखळून हसली. रादिवोय आणखी लाल झाला.

"उपवासात कुमाचा अपमान! हे पाद्रीबुवांच्या कानावर जाईल."

"रविवारी मीच सांगणार आहे. तूही ये."

"उद्या सकाळी नोवी साद शहरातला फोटोवाला आणतो. त्याला टाळीचं वावडं नाही."

"आण." तिचा आवाज चढला नाही, चढायचा नाहीच कधी. "मी इथंच बसलेली असेन. जो टाळी वाजवेल त्याचा फोटो माझ्या दुकानाच्या काचेत लागेल. पहिला तुझा."

"तू नाही लावायचीस. मी कूम आहे तुझा."

"म्हणून तर आज लावत नाही. उद्या वाजली की लावीन." आणि तिनं छातीवर क्रूस केला.

रादिवोयनं दोन्ही हात कोटाच्या खिशात कोंबले. क्रूस करून दिलेला शब्द मिलुंकानं मोडल्याचं त्याला एकदाही आठवेना. "जातं काम हातचं, लक्षात ठेव," एवढंच म्हणून तो निघून गेला.

"जाऊ दे," मिलुंका म्हणाली. पण ते त्यानं ऐकलं नाही.

संध्याकाळ होईतो ती मान वर करून बघत राहिली. उडालेलं घुबड परत आलं का, ते शेकड्यांत ओळखू येईना. सगळी अजून बारीकच होती.

दुसऱ्या दिवशी चौक उजाडत होता. तिनं दिवा लावला, प्रार्थना म्हटली, थर्मासात बिनदुधाचा चहा भरला. पासपोर्टच्या फोटोला माणसं बसवायचं लाकडी स्टूल काखेत मारलं. "झाडाखाली आहे" अशी पाटी दाराला अडकवली. समोर देवदारावर गुंडाळ्या पुन्हा फुगल्या होत्या. कॅमेरा गळ्यात घेऊन, बुटांचा आवाज होणार नाही अशा बेतानं, मिलुंका बर्फावरून झाडाकडे चालू लागली.