दुसरा ठोका

मित्रांनो, मी आत्ता रिकामीच फिरते आहे. जबड्यात काही नाही, समोर कोणी नाही, शटर अर्धं उघडं आहे आणि स्टुलावरचा चहा कोणी न पिता तसाच राहिला आहे. मला बंद करायलाही कोणी थांबलं नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज मी कान देऊन ऐकते आहे आणि मला हवी ती गाडी त्यात नाही. जीव नुसता टांगणीला लागला आहे. मी एक जुनी लेथ मशीन आहे. तुमच्याशी बोलत राहिले तरच हा वेळ सरेल, म्हणून माझी कहाणी सांगते.

लेथ तुम्ही कदाचित पाहिली नसेल. लोखंडाची दांडी माझ्या जबड्यात घट्ट धरतात आणि गरगर फिरवतात. तिला धारदार टूल टेकवलं की दांडी बटाट्यासारखी सोलून निघते. सालीसारखा जो लांब वेटोळ्यांचा कीस पडतो, तो चटका देतो बरं का, हात लावायचा नाही. अशी सोलत सोलत मी दांडी हव्या त्या मापाची करते.

माझा जन्म ओतशाळेतला. तिथून मी एका मोठ्या कारखान्यात गेले. माझ्यासारख्या पुष्कळजणी तिथे ओळीने उभ्या होत्या आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच बोल्ट करत होत्या. तोच बोल्ट, तसाच बोल्ट. अगदी वीट आला होता. मग कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आली आणि आमची रवानगी भिंतीकडे झाली. लोक माझ्या अंगावर जेवणाचे डबे ठेवू लागले, ओले फडके वाळत घालू लागले. जिने आयुष्यभर लोखंड कापलं तिने आता फडकी सांभाळायची, हे माझ्या फार जिव्हारी लागलं होतं.

तिथेच लेथ चालवणाऱ्या एका टर्नरने मला विकत घेतलं. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. कारखाना सोडताना इतरांनी निरोपाची घड्याळं नेली, ह्याने मला नेलं. शिंप्याचं दुकान आणि पंक्चरवाला यांच्या मधल्या गाळ्यात त्याने मला बसवलं आणि तिथे मला असं काम मिळालं की माझी सगळी मरगळ उतरली.

असं बघा. एखाद्याकडे वडिलांची मोटारसायकल असते. सांगाडा ठणठणीत, पण इंजिन कायमचं गेलेलं. दुसरीकडे एखादं इंजिन धडधाकट असतं, पण त्याची गाडी आपटून वेडीवाकडी झालेली. मग माणूस म्हणतो, ह्याचं धड आणि त्याचं काळीज जोडून द्या. बोलायला सोपं आहे. पण ही दोन्ही एकमेकांसाठी जन्मलेलीच नसतात. भोकांना भोकं जुळत नाहीत, साखळी तिरकी धावते, चाक एका बाजूला सरकतं. त्या दोघांच्या मधली फट भरून काढणारा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही, कारण तो साऱ्या जगात फक्त त्या एका गाडीला हवा असतो. तो मी करते. गाडी तयार झाली की लोक टाकीचे फोटो काढतात, इंजिनावर हात फिरवतात. आत बसवलेल्या, मी केलेल्या रिंगेकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. असू दे, मी मनाला लावून घेत नाही. म्हणजे, थोडंसं घेते.

मिस्त्रीची एक रीत आहे. काम मनासारखं झालं की टूलचा शेवटचा एक हलका हात मारायचा आणि त्याचा अखंड निघालेला कीस शटरजवळच्या खिळ्याला टांगायचा. पुढचं काम होईपर्यंत तो तिथे चकाकत लोंबतो. हेच काय ते माझं कौतुक, आणि ते मला पुरतं.

आता माझं वय झालं. जबड्याजवळ माझी पाठ झिजली आहे आणि डोक्यातलं बेअरिंग सैल झाल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडतो. मिस्त्री त्याला माझा खोकला म्हणतो. माझ्यामुळे माप कुठे किती चुकेल हे त्याच्या हाताला पाठ आहे, तेवढं तो न बोलता सांभाळून घेतो. काही बिनसलं की हसून म्हणतो, म्हातारी रुसली. मित्रांनो, या मायेनेच घात केला.

कारण मिस्त्रीचे कानही गेले आहेत. पूर्वी टूल बोथट झालं की त्याला पंक्चरवाल्याच्या दुकानातूनही ऐकू यायचं. पण आयुष्य सगळं घणाच्या आणि माझ्या आवाजात गेलं, कानात साधा कापूससुद्धा त्याने कधी घातला नाही. हल्ली तो म्हणतो की लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी याचं उत्तर ठरलेलं, हो हो, होऊन जाईल.

हे फक्त त्याच्या मुलीला कळलं आहे. ती लहानपणापासून ग्राइंडरच्या ठिणग्यांत वावरली म्हणून तिचं नावच ठिणगी पडलं. आता गाळा तीच बघते. गिऱ्हाइकाचं बोलणं झालं की ती बापाकडे तोंड करून तेच वाक्य पुन्हा म्हणते, जणू तिला स्वतःलाच नीट समजलं नव्हतं. बापाची लाज राखायची तिची ही तऱ्हा. मला ती पोर फार आवडते, पण त्या दिवशी तिने ती लाज राखायला नको होती.

परवा मिस्त्रीच्या धाकट्या भावाचं काम होतं. त्याला सगळी गल्ली काका म्हणते. काकाने आयुष्यभर शाळेची व्हॅन चालवली. लग्नात त्याने काकूला कबूल केलं होतं की मोटारसायकलवर मागे बसवून घाटापलीकडे समुद्र दाखवीन. गाडी म्हातारी झाली, इंजिन बसलं, तरी समुद्र काही दिसला नाही. आता निवृत्त झाल्यावर त्याने दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन मिळवलं आणि भावाकडून बसवून घेतलं. काकू म्हणत होती की एवढ्या खटाटोपात माणूस बसने जाऊन परत आला असता.

नवं इंजिन जास्त रुंद. साखळी सरळ रेषेत आणायची तर मागचं चाक सरकवायला हवं, आणि चाक ज्या दांडीवर फिरतं तो एक्सल लांब करायला हवा. मिस्त्रीने फळीवरची जाड दांडी काढली आणि माझ्या जबड्यात धरली. टूल टेकलं आणि मला कळलं की या दांडीच्या पोटात चीर आहे.

कापताना एक बारीक टक् होत होता. प्रत्येक फेऱ्याला, ठरलेल्या जागी. माझा ठोका जाड, हा बारीक, लपलेला. कीस अखंड निघेना, तुकडे तुकडे होऊन पडत होता. मी थरथरले, दांडीवर लाटा उमटवल्या, जमेल तेवढी किंचाळले. अहो, तोंड असतं तर नाव घेऊन ओरडले असते. मिस्त्रीने माझा वेग कमी केला, जबडा आणखी आवळला आणि पॉलिश पेपर मारून लाटा पुसून टाकल्या.

ठिणगी झाडू टाकून जवळ आली. तिने बापाकडे तोंड करून सावकाश म्हटलं, "बाबा, आज दोन ठोके पडताहेत."

"एकच आहे," मिस्त्री म्हणाला. "हिचा जुना खोकला."

तिने पुन्हा तोंड उघडलं. बाजूला काका उभा होता, मोठ्या भावाकडे कौतुकाने बघत. तिने एकदा काकाकडे पाहिलं, एकदा बापाच्या कानाकडे, आणि ती गप्प बसली. खिळा रिकामाच राहिला. म्हातारी रुसली, एवढं म्हणून मिस्त्रीने एक्सल माझ्या जबड्यातून काढून घेतला.

काल तो एक्सल मोटारसायकलला बसवला आणि आज सकाळी काका-काकू निघाले. काकूने मागे बसून पिशवी मांडीवर घेतली आणि हेल्मेटचा पट्टा तिला लावता येईना, तो ठिणगीने लावला. त्या इंजिनाचा दणदणीत आवाज गल्लीच्या वळणावर विरत गेला, आणि मला वाटलं की माझ्याच पोटातलं काहीतरी तो घेऊन चालला. सपाट रस्त्यावर कदाचित निभेल. घाटात, दोघांच्या ओझ्याखाली, वळणावर चीर उघडेल. मग चाक राहील कुठे आणि माणसं कुठे?

ठिणगी केर काढायला आली. झाडता झाडता तिचा हात थांबला. तिने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, मग कचऱ्यातला कीस उचलून पाहिला. सगळा चुराडा. मित्रांनो, तेव्हा मला जगात एकच गोष्ट हवी होती. कोणीतरी मला रिकामी चालवून बघावं. माझ्यात दांडी नसताना ऐकावं.

मिस्त्री चहा घेऊन आला तोच तिने बटण दाबलं. मी जीव मुठीत धरून फिरू लागले. ठोका पडला, माझा, जाड. पुन्हा तोच. दुसरा कुठेच नव्हता.

ठिणगी बापासमोर जाऊन उभी राहिली. तिने बापाला विचारलं, "बाबा, किती ठोके ऐकू येताहेत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, तिच्या ओठांकडे पाहिलं. कप स्टुलावर ठेवला. मला वाटलं आता नेहमीचं हो हो येणार.

"एकही नाही गं," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. हात ठेवला की थरथर लागते, त्यावरून अंदाजाने सांगतो."

तिने त्याचे दोन्ही खांदे धरले आणि सांगितलं की परवा दोन होते, दुसरा त्या दांडीचा होता. ठिणगीने फोन लावला, पण काका गाडीवर असताना फोन घेत नाही, शाळेच्या व्हॅनची शिस्त. बापाने चपला उलट्या घातल्या, पोरीने स्कूटर काढली आणि दोघं गेली. तेव्हापासून मी रिकामी फिरते आहे.

थांबा. स्कूटर आली. हो, ठिणगीचीच.

पण तिच्यामागे काही नाही. काकाच्या इंजिनाचा आवाज नाही. मी तो लाखात ओळखीन. मित्रांनो, मागे काहीच नाही. म्हणजे मेलं सगळं, संपलं. मी केलं ते, माझ्या जबड्यातून गेलं ते.

आता मात्र काकू बोलते आहे. काकूच. चिडून बोलते आहे, देवा, किती छान चिडली आहे. शटर वर जातंय. काका घामाघूम होऊन मोटारसायकल ढकलत आणतो आहे. इंजिन बंद, म्हणून आवाज नाही. एवढंच होतं ते.

घाटाच्या पायथ्याच्या पेट्रोल पंपावर काकूला आठवलं की चष्मा घरी राहिला. समुद्र काय आंधळेपणाने बघू, असं म्हणून तिने परत फिरायचा हट्ट धरला. काका ऐकेना. ते भांडण संपायच्या आत स्कूटर तिथे पोहोचली, आणि मोटारसायकल टेम्पोत घालून गल्लीच्या तोंडापर्यंत आणली.

मिस्त्री पाना घेऊन मागच्या चाकाशी बसला. त्याने एक्सल काढला. ठिणगीने तो रॉकेलमध्ये भिजवला, कोरडा पुसला आणि त्यावर खडू चोळला. सगळे वाकून बघताहेत. चिरेत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आहे आणि पांढऱ्या खडूवर हळूहळू एक ओली, केसासारखी रेघ उमटते आहे. काकाने काकूच्या पाठीवर हात ठेवला आहे.

मिस्त्री फळीवरून नवी दांडी काढतो आहे. मला वाटलं, आता तो मला भंगारात काढील. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मुलीला म्हणाला, "आता तू ऐकायचंस. मला दिसेल असं सांगायचंस. आणि मी नाही म्हटलं तरी सांगायचंस."

टूल टेकलं. ठिणगी एक बोट वर धरून उभी आहे. एकच ठोका, माझा. कीस लांबच लांब निघतो आहे, तुटत नाही.

मित्रांनो, मला तेल घाला, माझं बेअरिंग बदला, हे तर मी म्हणणारच, जुनी मशीन आणखी काय मागणार? पण तुमच्या घरातही कोणीतरी न ऐकताच हो हो म्हणत असेल. त्यांची लाज राखायला गप्प बसू नका. जवळ जा, तोंडासमोर उभे राहा आणि पुन्हा सांगा. चिडले तरी सांगा. मला सांगता आलं नाही, तुम्हाला येतं.